प्रार्थना संपेपर्यंत

लेक: कापून टाक म्हटलं ना.

आई: मान सरळ ठेव.

लेक: सरळच आहे. आई, कात्री त्या वरच्या खणात आहे. एकदा केस कापलेस की सुटलो दोघी. रोज सकाळी तुला हे लचांड नको आणि मलाही नको.

आई: मला लचांड वाटत नाही.

लेक: मला वाटतं. एका हाताने वेणी घालता येत नाही, हे रोज उठून आरशात बघायचं नाहीये मला.

आई: मग बघू नकोस. मी आहे ना घालायला.

लेक: तू काय जन्माला पुरणार आहेस?

आई: पुरेन तेवढी पुरेन. आणि ह्या घरात आता आणखी काही कापायचं नाही. एकदा सांगितलं, पुन्हा बोलू नकोस. दोरी दे इकडे. नाही, राहू दे, मी घेते.

लेक: देते की. दोरी द्यायला एक हात पुरतो.

(उघड्या दारावर थाप पडते. गिरणीचे मुकादम संत्र्यांची पिशवी घेऊन उंबऱ्याशी उभे आहेत.)

मुकादम: आक्का, येऊ का? दार उघडंच होतं म्हणून म्हटलं...

आई: या मुकादम. त्या स्टुलावर बसा. कपडे आहेत ते खाली ठेवा.

मुकादम: राहू दे, राहू दे. मी उभाच बरा. सगळं आयुष्य उभ्याने गेलं, आता बसलो तर कंबर विचारेल, हे काय नवीन? काय पोरी, कशी आहेस?

लेक: बरीचशी आहे, काका. थोडी नाही.

मुकादम: हां... म्हणजे, तब्येत सुधारलेली दिसते. चेहऱ्यावर तजेला आहे. हे घे, संत्री आणलीत. गोड आहेत, खाऊन बघून घेतलीत.

लेक: ठेवा तिथे. सोलायला दोन हात लागतात त्यांना, पण शोभेला छान आहेत.

मुकादम: अरे देवा. माझ्या डोक्यातच... आक्का, सफरचंदंही होती हो शेजारच्या गाडीवर. मी चांगला उभा राहून विचार केला, हे घेऊ की ते घेऊ, आणि नेमकं...

आई: तिची जीभ तशीच आहे. मनावर घेऊ नका.

लेक: घ्या ना मनावर. त्या निमित्ताने सोलून तरी द्याल.

मुकादम: देतो. देतो की. सगळी देतो सोलून. ताटली आहे का एखादी? आणि सालं कशात टाकू?

आई: ती खिडकीतली घ्या. हं, बोला आता. संत्री द्यायला तुम्ही एवढे जिने चढून येणार नाही.

मुकादम: आता बघा, आक्का, तुम्ही असं सरळ विचारलंत की माझी पंचाईत होते. मी खालपासून घोकत आलो होतो, आधी तब्येत विचारायची, मग हवापाण्याचं बोलायचं...

आई: मालकांनी पाठवलं.

मुकादम: मालकांनी पाठवलं. पण बायकांनीही पाठवलंय, खोटं नाही सांगत. जाळ्या बसल्या, आक्का. पिंजण खात्यातल्या सगळ्या मशीनना. दातेरी रूळ आता दिसतसुद्धा नाही बाहेरून. जाड लोखंडी जाळ्या आहेत, हिरवा रंग दिलाय. उद्या सकाळच्या पाळीला त्यांचं काय म्हणतात ते... उद्घाटन. मालक म्हणाले, प्रार्थना झालीच पाहिजे, आणि ती आक्कांनीच म्हटली पाहिजे.

आई: मी येणार नाही.

मुकादम: ऐकून तर घ्या. पाटीसुद्धा केलीय. पितळेची. तुम्ही दारापाशी जिथे उभ्या राहता ना, तिथेच भिंतीवर लावलीय.

लेक: काय लिहिलंय पाटीवर?

मुकादम: ते आपलं... नेहमीचंच.

लेक: नेहमीचं म्हणजे? आपल्या गिरणीत पितळेच्या पाट्या काय रोज लागतात का, काका?

मुकादम: 'कामगार भगिनींच्या प्रार्थनेला ईश्वराने दिलेला कौल.' असं. आणि खाली मालकांचं नाव.

लेक: वा. वर ईश्वर, खाली मालक. मधे कोणीच नाही.

मुकादम: चांगल्या मनाने केलंय गं त्यांनी. शेवटी म्हणतातच ना, प्रयत्नांती परमेश्वर.

लेक: हो ना. प्रयत्न आमचे आणि पाटी परमेश्वराची.

आई: त्याचं नाव मधे आणू नकोस.

लेक: मी कुठे आणलं? मालकांनी आणलंय. पितळेवर कोरून.

मुकादम: भांडू नका बरं. हे खा आधी. एक फोड घे, पोरी. आक्का, तुम्हीही घ्या. बाया काय म्हणतात सांगू? म्हणतात, एवढी वर्षं आक्का रोज त्या दारात उभं राहून मागत होत्या, 'आमच्या हातांना सांभाळ.' शेवटी देवाने ऐकलं.

आई: ऐकलं. आणि पावती हिच्या नावाने फाडली.

मुकादम: आक्का...

आई: खोटं आहे का? मी मागितलं, त्याने दिलं, आणि किंमत माझ्याकडून घ्यायची सोडून हिच्याकडून घेतली. माझा घ्यायचा होता. माझा हात घेऊन त्याला चाललं नसतं का? सुरकुतलेला आहे म्हणून?

लेक: किंमतबिंमत काही नव्हती, आई. खटका ओढला, मशीन फिरलं. बस. त्यात घेणारा कोणी नाही, देणारा कोणी नाही.

मुकादम: खटका मी ओढला, पोरी.

लेक: तुम्हाला नाही म्हटलं, काका.

मुकादम: म्हण की. कोणीतरी म्हणा. तुझ्या अपघातापासून कोणी मला एक वाकडा शब्द बोललेलं नाही. मालक म्हणतात, तुमचा दोष नाही. चौकशीला आलेले साहेब म्हणाले, दोष नाही. बायको म्हणते, दोष नाही. मग कोणाचा आहे? आक्कांनी 'तसंच होवो' म्हटलं की खटका ओढायचा, हे मी इतकी वर्षं केलं की मधे डोकं लागायचंच नाही. कानाने ऐकायचं, हाताने ओढायचं. त्या दिवशीसुद्धा तेच. कान आणि हात. हा बघ तो हात. संत्रं सोलतोय.

लेक: काका, ती फोड दाबताय तुम्ही. रस गळतोय.

मुकादम: हं? हो. थांब, पुसतो.

आई: तुम्ही काही केलं नाहीत, मुकादम. शब्द माझ्या तोंडून गेला.

लेक: तुमचं दोघांचं ठरू दे आधी कोणी केलं ते. मी आहेच इथे.

आई: कशी बोलतेस गं.

लेक: मग काय करू? सगळे माझ्यापुढे आपापला दोष घेऊन येतात, आहेरासारखा. तो ठेवू कुठे मी? ती शेजारच्या मशीनवरची ठेंगणी आली होती परवा. म्हणे, माझी दोन बोटं गेली म्हणून तू जाळ्यांच्या मागे लागलीस, म्हणजे माझ्यामुळेच झालं. अर्धा तास मी तिला समजावत बसले. हात माझा गेला आणि डोळे मी तिचे पुसले.

मुकादम: ठेंगणी वेडीच आहे. जीव आहे तिचा तुझ्यावर.

लेक: आहे कशी ती? मशीनवर गेली परत?

मुकादम: गेली ना. काम तर... काम चालू आहे.

लेक: प्रार्थना कोण म्हणतं आता?

मुकादम: कोणी नाही. म्हणूनच तर आलो.

लेक: इतक्या बायका आहेत. सगळ्यांना पाठ आहे.

मुकादम: पाठ आहे गं. ठेंगणीनेच केली होती सुरू. छान म्हणत होती, सगळ्या मागून म्हणत होत्या. शेवटच्या कडव्याला आली आणि थांबली. मी म्हटलं, म्हण बाई, पुढचं म्हण. तर जमिनीवर बसली आणि रडायलाच लागली. दुसरीला सांगितलं, ती म्हणे मी नाही. तिसरी म्हणे, मी तर नाहीच नाही. 'तसंच होवो' म्हणायला त्या खात्यात एक बाई तयार नाही. भूत बसलंय त्या शब्दावर. मग मालक म्हणाले, राहू दे प्रार्थना काही दिवस.

लेक: आणि मशीन?

मुकादम: मशीनचं काय?

लेक: प्रार्थना नाही, तर मशीन केव्हा थांबतं?

मुकादम: हे बघ, ही दुसरी फोड जास्त गोड आहे...

लेक: काका. मशीन केव्हा थांबतं?

मुकादम: पाळी संपली की थांबतं.

लेक: मग रुळांची सफाई केव्हा करतात?

आई: मुकादम, सांगा तिला. नाहीतर ती उठून तशीच गिरणीत जाईल.

मुकादम: आता मी काय सांगू? तुला नियम माहीत आहेत. चालत्या मशीनला हात लावायचा नाही, हा नियम. आणि सफाईसाठी मशीन थांबवायचं नाही, हाही नियम.

लेक: माहीत आहेत. दोन्ही नियम एकाच भिंतीवर लावलेत, शेजारी शेजारी. ह्या दोन नियमांच्या मधे आम्हाला एकच फट होती. आई दारात उभी राहून म्हणायची, खटका बंद असायचा, आणि आम्ही तोंडाने तिच्यामागून म्हणत हातांनी लोकर काढायचो रुळांतून. शेवटचं कडवं लागलं की हात बाहेर, मग जोडायचे. मालकांना वाटायचं, केवढी भक्ती. आता ती फटही गेली?

मुकादम: जाळ्या आहेत ना आता.

लेक: जाळीला दार आहे का?

मुकादम: छोटं आहे. खिटीचं. आत लोकर अडकली तर काढायला लागते, त्यासाठी.

लेक: म्हणजे चालत्या मशीनची खिटी उघडतात.

मुकादम: सगळ्या नाही.

लेक: कोण उघडतं?

मुकादम: काल ठेंगणीला मी पाहिलं. ओरडलो तिच्यावर. म्हणाली, काका, गुंता झाला तर माल बिघडतो, आणि बिघडला की बोलणी मी खाते, तुम्ही नाही.

लेक: उरलेली आठ बोटं घेऊन.

मुकादम: मी मालकांना म्हटलं, सफाईला वेगळा वेळ द्या. त्यांनी प्रार्थना अडली होती त्या दिवशी कबूल केलं होतं, जाळ्याही लावतो आणि वेळही देतो. म्हणाले, विचार चालू आहे. म्हणाले, प्रार्थना सुरू होऊ द्या, मशीन तेवढं थांबतंच. देवाच्या कामात मी आड येणार नाही.

लेक: देवाच्या कामात नाही. बायकांच्या कामात येतात.

आई: त्यांनी माझ्यासमोर शब्द दिला होता.

लेक: हो आई. म्हणून तर लिहून घ्यायचं ठरलं होतं.

आई: तू नव्हतीस तिथे. तू खांबाआड होतीस. तू पाहिलं नाहीस त्यांना.

मुकादम: तेवढं मात्र खरं, पोरी. मी पाहिलं. आक्कांनी शेवटचं कडवं पुन्हा धरलं, तेव्हा मला वाटलं, विसरल्या. तिसऱ्यांदा धरलं तेव्हा कळलं, हे काहीतरी वेगळं आहे. मालक दाराबाहेर, हात जोडलेले. भक्त माणूस, प्रार्थनेत खोकलासुद्धा दाबून धरतात. किती वेळ उभे होते! घाम फुटला त्यांना. तुझं डोकं, पोरी... संप केला असता तर पोलीस बोलावले असते. प्रार्थनेवर पोलीस कसे बोलावणार?

आई: मी नको म्हणत होते. देवाला वेठीला धरू नये.

लेक: मालकांना धरलं होतं, देवाला नाही. देवाला काय, तुझा आवाज थोडा जास्त वेळ ऐकायला मिळाला.

मुकादम: मग ते जोडे काढून आत आले. आमच्या लोकरीच्या कचऱ्यात, अनवाणी. आक्कांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, 'माझं चुकलं. लावतो जाळ्या, वेळही देतो. देवाशपथ.' डोळे भरले होते त्यांचे. नाटक नव्हतं. मी माणसं ओळखतो.

आई: मी एवढंच मागत आले होते. कोणाचं वाईट होऊ दे, असं कधी म्हटलं नाही मी. एवढंच म्हणायची, ह्या माणसाला दिसू दे. इतकी वर्षं. आणि त्या दिवशी त्याला दिसलं. माझ्यासमोर. मी आणखी कशासाठी थांबायचं होतं?

लेक: कागदासाठी.

आई: देव समोर येऊन उभा राहिला, तर त्याच्याकडून कोणी लिहून घेतं का?

लेक: समोर मालक उभे होते, आई.

मुकादम: मी... मी खाली थांबतो. कोपऱ्यावर, त्या चहाच्या टपरीशी. तुम्ही दोघी बोला. आक्का, हो म्हणा, नाही म्हणा, जे असेल ते मी मालकांना सांगेन. पण बायांना काय सांगू तेवढं मात्र तुम्हीच ठरवून द्या, मला नाही जमायचं. ताटली इथे ठेवतो. बिया काढल्यात मी सगळ्या.

आई: जपून उतरा. जिना ओला आहे.

लेक: गेले?

आई: गेले. मान सरळ ठेव, वेणी सुटली अर्धी.

लेक: आई, तू पहाटे म्हणत नाहीस हल्ली.

आई: काय?

लेक: तुला माहीत आहे काय. कोपऱ्यातली ती चटई गुंडाळून कपाटामागे ठेवलीस. मला वाटलं, धुवायला काढली असेल. मग कळलं.

आई: तुला तर त्रास व्हायचा. झोपमोड होते म्हणायचीस. उशी डोक्यावर घ्यायचीस.

लेक: व्हायचीच झोपमोड. आता होत नाही, तरी मी त्याच वेळेला जागी होते. वाट बघत पडून राहते. लहानपणापासून त्या आवाजाने सकाळ झाली. आता सकाळ होतच नाही, नुसता उजेड होतो.

आई: तुझा तर विश्वास नाही.

लेक: त्याच्यावर नाही.

आई: मला एक विचारायचंय. दवाखान्यात विचारलं नाही. घरी आणलं तेव्हाही नाही. विचारू?

लेक: विचार.

आई: तू हात का घातलास? ठरलं होतं, शेवटचं कडवं लागलं की सगळ्यांचे हात बाहेर. रोजच्यासारखं. सगळ्यांनी काढले. तुझा आत कशाला होता?

लेक: आतला रूळ.

आई: कुठला?

लेक: पाठीमागचा, लहान. त्याला कधीच वेळ पुरायचा नाही. तुझी प्रार्थना संपेपर्यंत आमचे पुढचे दोनच रूळ व्हायचे. त्या मागच्यात एक बोळा अडकलेला होता, केव्हापासूनचा. काळा पडलेला. रोज दिसायचा. त्या दिवशी तू थांबलीच नाहीस, पुन्हा म्हणत राहिलीस, आणि मी बघत होते त्याच्याकडे. मनात आलं, आज वेळच वेळ आहे. काढून टाकू एकदाचा.

आई: कामाविरुद्ध उभी राहिलेली बाई तू. आणि काम करत होतीस?

लेक: हसू नकोस.

आई: मी हसत नाहीये गं.

लेक: माझं मशीन होतं ते, आई. भांडण मालकांशी होतं, मशीनशी नव्हतं.

आई: आणि भीती नाही वाटली? कोपरापर्यंत हात घालताना?

लेक: नाही.

आई: जरासुद्धा?

लेक: तू बोलणार नव्हतीस ना. तू मला आदल्या संध्याकाळी म्हणाली होतीस, इथेच, भाजी निवडत, 'कागद माझ्या हातात येईपर्यंत मी शेवट करणार नाही.' झालं. तू म्हणालीस म्हणजे झालं. मी आयुष्यात कशावर डोळे मिटून विश्वास ठेवला नाही, आई. औषधाच्या बाटलीवरची तारीखसुद्धा दोनदा वाचते. एकदाच ठेवला.

आई: मान... मान सरळ ठेव.

लेक: रडू नकोस. केसांत पडतंय.

आई: मी डोळे उघडले होते.

लेक: केव्हा?

आई: तो शब्द म्हणायच्या आधी. प्रार्थनेत मी कधी डोळे उघडत नाही. त्या दिवशी उघडले, तुला शोधायला. वाटलं, तुझं तोंड बघावं, बघ, झालं तुझं काम, तू जिंकलीस. तू दिसली नाहीस. खांब मधे होता. मला वाटलं, असेल उभी. हात जोडून. सगळ्यांसारखी.

लेक: मी कधी हात जोडले होते प्रार्थनेत?

आई: नाही. मला माहीत होतं. तरी तसं वाटलं.

लेक: मला अजून तो बोळा जाणवतो. हात नाही, तरी मूठ आहे. आणि मुठीत ती लोकर. घट्ट. डॉक्टर म्हणाले, मेंदूला अजून बातमी पोचलेली नाही. मी त्याला सांगते, सोड. सोडतच नाही.

आई: सुटेल.

लेक: कशावरून?

आई: माहीत नाही. पूर्वी माहीत असायचं.

लेक: आई, उद्या जा तू.

आई: कुठे?

लेक: गिरणीत. म्हण प्रार्थना.

आई: तू सांगतेस? त्या पाटीखाली उभं राहून?

लेक: पाटीकडे पाठ कर. ठेंगणी चालत्या मशीनची खिटी उघडतेय. उद्या उघडेल, परवा उघडेल. मालकांचा विचार चालू राहील तोवर ती उघडतच राहील. सफाईच्या वेळेसाठी मी भांडेन, तो कागद मी आणेन, डाव्या हाताने लिहायला शिकतेय त्यासाठीच. पण तो कागद यायला वेळ लागेल. तोपर्यंत त्या मशीनना थांबवू शकेल अशी एकच गोष्ट आहे, आणि ती तुझ्या घशात आहे.

आई: माझा विश्वासच उरला नसेल तर?

लेक: मग बिनविश्वासाची म्हण. खटका बंद राहिला म्हणजे झालं.

आई: तुला सोपं वाटतं. प्रार्थना म्हणजे काही पाळण्याचं गाणं नाही. मी सुरुवात करेन, बोट धरल्यासारखे शब्द येतील एकामागून एक. पण शेवट येणार नाही. त्या शब्दाशी गेले की मला तुझी किंकाळी ऐकू येते. घरात, रस्त्यात, भाजी घेताना. बोलण्यातसुद्धा कुणाला 'होवो' म्हणत नाही मी.

लेक: मला माहीत आहे. परवा शेजारच्या पोरीचं लग्न ठरलं, तर तू नुसती तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिलीस.

आई: मग?

लेक: मग तो शब्द एकटीने म्हणायचा नाही. शेवटचं कडवं झालं की थांबायचं. सगळ्यांनी हात वर करायचे. जोडायचे नाहीत, वर. तुला दिसतील असे. तू डोळे उघडे ठेवायचेस. खांबाआडच्यांनी पुढे यायचं. प्रत्येकीचे दोन्ही हात दिसले की मग सगळ्यांनी मिळून म्हणायचं. आणि काकांना सांग, कानावर जाऊ नका, त्यांनीही बघायचं. आधी डोळे, मग खटका.

आई: देवासमोर हात मोजायचे?

लेक: त्याला हात सांभाळ म्हणून सांगतेस ना रोज? मग त्यालाही बघू दे किती आहेत ते.

आई: माफ केलंस का मला?

लेक: अजून नाही.

आई: बरं.

लेक: रोज विचारू नकोस. झालं की मी सांगेन.

आई: त्यालाही विचारते. तोही काही बोलत नाही. तुम्ही दोघंही सारखे.

लेक: दोरी घट्ट बांध. उद्या गिरणीत सुटायला नको.

आई: तू येणार आहेस?

लेक: तुझ्या शेजारी उभी राहीन, दारात. खांबाआड नाही.

आई: हात वर करशील?

लेक: करेन.

आई: मग मोजताना एक कमी भरेल.

लेक: तेवढा कमी धर, आई.